प्रभूच्या मेजाभोवती : नगरच्या मंडळीची वाटचाल

१८८१ च्या ऑक्टोबरात अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या इथल्या कामाची पन्नाशी साजरी झाली. त्या मेळ्यात वाचलेले निबंध पुढच्या वर्षी मुंबईत इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने छापून निघाले. आपल्या मंडळीचा इतिहास कोणीही लिहायला घेतला की अजूनही तोच ग्रंथ आधी हाताशी येतो. शाळा कोणत्या निघाल्या, पुस्तके कोणती छापली, कोण मिशनरी कधी आले आणि कधी परतले, हे त्यात नीट नोंदलेले आहे. मात्र ज्यांच्या पायांनी दर रविवारी देऊळ भरत होते, ती माणसे बहुतेक करून आकड्यांच्या रकान्यात जमा झाली आहेत. या स्मरणिकेतल्या लेखातही साले आणि मोठी नावे येतील, ती टाळता येत नाहीत. तरी माझी ओढ आहे ती भक्तीला येणाऱ्या, पेटी वाजवणाऱ्या, दानाच्या पिशवीत मिळकतीतला वाटा टाकणाऱ्या आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या माणसांकडे. मंडळी चालली ती त्यांच्यावर.

हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नकोसे होते आणि त्यांना परत पाठवण्याची खटपटही झाली. ते टिकले, मराठी शिकले, छापखाना घातला. पण कोकणपट्टीच्या हवेत मिशनरी एकामागून एक दगावत होते. घाटावर कोरड्या हवेचे एखादे ठाणे हवे, हा नगरची निवड होण्यामागचा अगदी व्यावहारिक हेतू होता. १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, हर्वी आणि रीड हे तिघे नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. पेशवाई बुडून जेमतेम तेरा वर्षे लोटली होती. शहरात लष्करी छावणी होती, बाजार मोठा होता, आणि चारी बाजूंना गावेच गावे पसरलेली.

बाबाजींच्या वाट्याला फार दिवस आले नाहीत. १८३३ मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला. हॉलिस रीड यांनी त्यांचे चरित्र लिहून १८३६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले, म्हणून निदान ते आपल्याला ठाऊक आहेत. नगरच्या रस्त्यावर मराठीत, इथल्याच माणसाच्या तोंडून ख्रिस्ताची गोष्ट पहिल्याने सांगितली गेली ती बाबाजींमुळे. परक्या साहेबाच्या अडखळत्या मराठीपेक्षा त्यांचे बोलणे लोकांना जास्त झोंबत असणार आणि जास्त भिडतही असणार.

त्याच साली, १८३३ मध्ये, नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिचे पहिले सभासद कोण होते, हे आपण वारंवार आठवावे असे मला वाटते. शहरात गोऱ्या रहिवाशांच्या वर्गणीवर चाललेला एक अनाथगरिबांचा आश्रम होता. आंधळी, पांगळी, म्हातारी, ज्यांना विचारणारे कोणी उरले नव्हते अशी माणसे तिथे राहत. मिशनरी तिथे जाऊन शिकवीत, आणि मंडळीच्या पहिल्या फळीत या आश्रमातली माणसे होती. सरदार नाहीत, सावकार नाहीत, शास्त्री म्हणावे तर एकटे बाबाजी. आपल्या मंडळीचा पाया ज्यांनी घातला त्यांतल्या काहींना उभे राहायलाही दुसऱ्याचा हात लागत होता.

ही माणसे एकत्र आली ती प्रभूच्या मेजाभोवती. एक भाकर मोडायची, एका प्याल्यातून प्यायचे, हा प्रभुभोजनाचा विधी आज आपल्याला सवयीचा झाला आहे. पहिल्या रविवारी पांढरी वस्त्रे घातलेले मेज दिसले की आपण गंभीर होतो, पापांगीकार करतो, भाकर घेतो, घरी जातो. १८३३ च्या नगरात मात्र हा विधी म्हणजे उघड उघड समाजाचा नियम मोडणे होते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्याच्या ओठांना लागलेला प्याला आपल्या ओठांना लावायचा. गावविहिरीवर जे चालत नव्हते, पंगतीत जे स्वप्नातही शक्य नव्हते, ते इथे देवासमोर करायचे होते. असे करणाऱ्याला घर तुटत होते, वाटणी जात होती, बायकामुले दुरावत होती. मंडळीचे बाकीचे सारे काम या एका कृतीतून पुढे निघाले, असे माझे ठाम मत आहे.

१८३९ मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच सुमारास रामकृष्णपंत मोडक मंडळीत आले. दोघेही ब्राह्मण घरांतले. १८५४ मध्ये या दोघांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. अमेरिकन मिशनने दीक्षा दिलेले हे पहिले मराठी पाळक. त्यांच्या मंडळीतले बहुतेक लोक तोवर खेड्यांतल्या महारवाड्यांतून आलेले होते, कारण १८४० नंतर वडाळा, शिंगवे, राहुरी, कोळगाव अशा भागांत महार समाजातून माणसे ख्रिस्ताकडे येऊ लागली होती. मांग समाजातूनही पुढे आली. त्यांच्यातले काही आधीपासूनच भजनात रमणारे, परमार्थाची ओढ असणारे होते. अशा माणसांच्या झोपडीत जाऊन, त्यांच्या चुलीजवळ बसून, त्यांच्या हातची भाकर खाऊन हरिपंतांनी आणि रामकृष्णपंतांनी पाळकपण केले. प्रवचनात समता सांगणारे पुढे पुष्कळ झाले. ताटात घेणारे तेव्हा थोडेच होते.

१८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीवर आले. मंडळीने आपला पाळक आपण निवडावा, त्याचा पगार आपण द्यावा, आणि सुवार्तेचे काम आपण पुढे न्यावे, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या धोरणापायी इंग्रजी शिक्षण आखडले गेले. त्याने आपल्या मुलांचे नुकसान झाले, असे मला वाटते. पण पाळकाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे होते. ज्यांच्या घरात सालभर पुरेल इतके धान्य नव्हते अशा लोकांनी पाळकाचा पगार उचलायचा, ही साधी गोष्ट नव्हती. रोख पैसा क्वचितच हाती येई. मग सुगीत ज्वारी-बाजरी आणून द्यायची, कोंबडी द्यायची, अंडी द्यायची, मिळकतीचा दहावा भाग वेगळा काढून ठेवायचा. आजही आपल्या मंडळ्यांत कापणीचा सण होतो तेव्हा मेथीच्या जुड्या, भोपळे, कणसे, नारळ, घरी केलेला केक असे सारे देवळात येते आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो. एका लिंबाला लोक हसत हसत चढती बोली लावतात. तरुण पोरांना तो गमतीचा भाग वाटतो, आणि वाटू द्यावा. पण ती परंपरा पाळकाचे घर धान्यावर चालवणाऱ्या त्या लोकांपर्यंत मागे जाते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

खेड्यात मंडळी म्हणजे बऱ्याचदा एक मास्तर आणि एक खोली. सकाळी त्याच खोलीत मुलांची शाळा, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी भक्ती. मास्तरच शिकवायचा, पत्रे वाचून दाखवायचा, अर्ज लिहून द्यायचा, मयताला पुढे उभा राहायचा. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्यात काय लिहिले आहे ते वाचू शकणारा आपला माणूस महारवाड्यात उभा राहिला, याचा अर्थ काय होता, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो काळ काढला त्यांना वेगळे समजवायला नको. त्या मास्तरांपैकी किती जणांची नावे आज आपण सांगू शकतो?

मुलींच्या शिक्षणाचे काम सिंथिया फरार यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्या १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. लग्न न करता एकटीने परदेशी मिशनकार्याला निघालेल्या अमेरिकन स्त्रियांत त्या पहिल्या मानल्या जातात. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहायला जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर आले होते, आणि त्या पाहून आपल्या समाजातल्या मुलींसाठी शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. ही हकिगत 'ज्ञानोदया'च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात आलेली आहे. 'ज्ञानोदय' हे पत्रही आपल्याच नगरचे. हेन्री बॅलंटाइन यांनी १८४२ च्या जूनमध्ये ते इथे सुरू केले आणि पुढे ते मुंबईला गेले. नगरच्या एका लहानशा मुलींच्या शाळेतून पुण्याच्या भिडेवाड्याकडे जाणारा धागा आपल्या मंडळीच्या इतिहासातून गेला आहे. त्याचा अभिमान आपण बाळगावा, मात्र श्रेय जोतीराव-सावित्रीबाईंकडून ओढून आपल्याकडे घेण्याचा मोह टाळावा.

आता गाण्याविषयी. याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण नगरच्या मंडळीने मराठी ख्रिस्ती समाजाला जे दिले त्यात गाण्यापेक्षा मोठे मला दुसरे काही दिसत नाही. सुरुवातीची गीते मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर बसवलेली होती. बॅलंटाइनसाहेबांनी त्यात मनापासून श्रम केले. तरीही ज्याचा कान अभंगावर, ओवीवर, भारुडावर तयार झाला आहे, त्याच्या गळ्याला त्या चाली चढायला वेळ लागणारच. नगरला दरवर्षी ऑक्टोबरात साऱ्या जिल्ह्यातल्या मंडळ्यांची सभा भरे. खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जोडून, पायी, पोराबाळांसकट येत. याच ऑक्टोबर सभांत ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदे, मागे साथीला झांजा आणि वीणा. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे, योसेफाचे किंवा वधस्तंभाचे. कृष्णराव सांगळे यांनी या कीर्तनांसाठी पदे रचली, आख्याने बांधली. हरिकीर्तनाला बसणारी गावकरी मंडळीही हे ऐकायला थांबत. रात्र-रात्र चालणाऱ्या त्या कीर्तनांतून अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांना पवित्र शास्त्र तोंडपाठ झाले.

मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर ते नगरला आले. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी चालवलेल्या इथल्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेत ते शिकवू लागले. पुढे राहुरीलाही त्यांचे वास्तव्य झाले. टिळकांनी ख्रिस्ताशी बोलायला अभंग वापरला. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात आज सर्वांत जास्त पदे त्यांचीच आहेत. रविवारी आपण त्यातले एखादे पद म्हणतो तेव्हा कोणताही परकेपणा जाणवत नाही. आई जशी बोलते त्या भाषेत देवाला हाक मारता येते, हे सुख टिळकांनी मिळवून दिले. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागते, हा समज त्यांनी आपल्या लेखणीने आणि जगण्याने खोटा पाडला. याच नगरच्या ख्रिस्ती समाजातले शाहू मोडक पुढे १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात ज्ञानेश्वर झाले आणि महाराष्ट्राने त्यांना माउली म्हणून पाहिले. मला हा योगायोग वाटत नाही. अभंग या समाजाच्या घराघरांत आधीच मुरलेला होता.

लक्ष्मीबाईंना विसरून टिळकांची गोष्ट सांगता येत नाही. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या मोडून पडल्या होत्या. परत त्याच्याजवळ राहायला आल्यावरही त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी. ते सोवळे कसे गळून पडले, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. कोणा मिशनऱ्याच्या उपदेशाने ते घडले नाही. माणसांची जात कोणी केली, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घोळवला आणि उत्तर स्वतःच शोधले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मेजाचा जो अर्थ मी वर सांगितला, तो एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात किती खोल जाऊन पोचतो, हे समजून घ्यायचे असेल तर मंडळीतल्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावे. पहिल्या आवृत्तीचे भाग १९३४ पासून निघाले. अजूनही ते मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

बायकांच्या कामाला मंडळीच्या इतिहासात दोन ओळी मिळतात, आणि हा अन्याय आहे. मिशनमधल्या बिसेलबाईंनी नगरला बायबल-बायांचा वर्ग चालवला. या बाया म्हणजे बहुधा विधवा, काही मास्तरांच्या बायका. वाचायला शिकायच्या, शास्त्रातल्या गोष्टी पाठ करायच्या, आणि मग पिशवीत पुस्तक घालून दारोदार जायच्या. पुरुष प्रचारकाला जिथे ओसरीपुढे प्रवेश नव्हता, तिथे या थेट माजघरात जात. बाळंतिणीजवळ बसत, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवत, गाणे म्हणून दाखवत. शिव्या खात, हाकलल्या जात, आणि पुढच्या आठवड्यात परत त्याच दारी उभ्या राहत. पुढे डॉ. ज्युलिया बिसेल यांनी नगरात बायका-मुलांसाठी दवाखान्याचे काम उभे केले, तेव्हा डॉक्टरीणबाईच्या दारात लोक निर्धास्त आले. त्यामागे या बायांनी वर्षानुवर्षे मिळवलेला विश्वास होता. आपले आजचे महिला मंडळ दर आठवड्याला घरोघर प्रार्थनासभा घेते, दुखणाइतांना भेटते, बाळंतविड्यापासून मयताच्या घरच्या चहा-जेवणापर्यंत सगळे पाहते. ते या बायबल-बायांचेच वारसदार आहे.

दुष्काळाचा काळ मंडळीच्या कसोटीचा होता. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आणि मग १८९९-१९०० चा. नगर जिल्हा मुळातच पावसाच्या तुटीचा. दुष्काळात मिशनने अन्नछत्रे चालवली, कामे काढली, आणि शेकडो पोरकी मुले वसतिगृहांत आणली. १९०० च्या दुष्काळातल्या कामाबद्दल ह्यूमसाहेबांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. या मुलांच्या हाताला धंदा मिळावा म्हणून सर डी. एम. पेटिट यांच्या नावाच्या उद्योगशाळेत सुतारकाम, धातुकाम शिकवले गेले, आणि मिशनमधल्या चर्चिलसाहेबांनी वेगाने चालणारा हातमाग तयार केला. त्या दुष्काळांनंतर मंडळीची संख्या वाढली. आणि तेव्हापासून एक टोमणाही आपल्या पाठीमागे लागला, की ही माणसे पोटासाठी ख्रिस्ती झाली.

या टोमण्याला आपण खाली मान घालून उत्तर देऊ नये. ज्याला गावाने दुष्काळातही विहिरीवर चढू दिले नाही, त्याने जो भाकर देतो आणि शेजारी बसवून घेतो त्याचा देव खरा मानला, तर त्यात लाज कसली? पाच भाकरी आणि दोन मासे हा आपल्या शास्त्रातलाच अध्याय आहे. भुकेल्याला आधी जेवू घालणे हा ख्रिस्ताचाच रिवाज. शिवाय, पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर निघून जातो. आपली माणसे गेली नाहीत. पुढच्या साथीत, प्लेगात, महायुद्धाच्या महागाईत, मिशनचा पैसा आटल्यावर, आणि धर्मामुळे सवलती नाकारल्या गेल्यावरही ती देवळात येतच राहिली.

सवलतींचा उल्लेख केला तो जाणूनबुजून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना तो आजवर मिळालेला नाही. एकाच वाड्यात, एकाच आडनावाच्या दोन घरांत, भावाभावांच्या मुलांना वेगळा न्याय लागतो. आपल्या तरुण संघांत या विषयावर मोकळी चर्चा होते, ती व्हायलाच हवी.

स्वातंत्र्याच्या वर्षीच डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. मिशनने आपल्यासाठी शाळा काढण्याचा काळ संपला होता. आता नगरच्या ख्रिस्ती समाजातल्या एका माणसाने साऱ्या जिल्ह्याच्या मुलांसाठी, कोणत्याही जातिधर्माच्या, कॉलेज उभे केले. अँडरसनसाहेबांच्या स्वावलंबनाची याहून चांगली फलश्रुती कोणती?

संस्थेच्या रचनेत पुढे दोन मोठे बदल झाले, ते थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळ्या मुळात स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या. मंडळीची सभा भरे, मते पडत, पाळक निवडला जाई. १९२४ मध्ये त्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मिलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बिशप आले, पोशाख आले, उपासनेचा ठरलेला क्रम आला. सभेत हात वर करून निर्णय घेण्याची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना हे जड गेले. ऐक्य झाले हे योग्यच झाले, असे मी म्हणेन. तरी साध्या सभासदाने सभेत उठून हिशेब विचारण्याची जुनी धमक त्या बदलात थोडी कमी झाली. पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत ती नको त्या रूपात बाहेर येते, त्यापेक्षा सभेत उघड आलेली बरी.

आणि आजचा आठवडा? रविवारी सकाळी आधी संडे स्कूल. लहानग्यांची सोनेरी वचने पाठ करून घेणारी ताई बहुधा कॉलेजात शिकणारी असते. मग भक्ती. पेटी-तबल्याशेजारी आता कीबोर्ड आणि गिटार आले आहेत, पण 'उपासना संगीता'तले जुने पद निघाले की मागच्या बाकांवरच्या आज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो. आठवड्यात घरभक्ती, महिला मंडळ, तरुण संघ. झावळ्यांच्या रविवारी होसान्नाच्या घोषात मिरवणूक, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वेगवेगळ्या वक्त्यांचे चिंतन, पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे कबरस्तानात प्रार्थना. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा. डिसेंबरात रात्री उशिरापर्यंत घरोघर कॅरल. थंडीत कुडकुडत आलेल्या पोरांना प्रत्येक घरी चहा आणि करंजी मिळते, आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतूनही दार उघडते. ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाची भक्ती.

आणि एक उणीव. आपण एका प्याल्यातून पितो, पण लग्ने जुळवताना मूळचे कोण, कुठले, हे हलक्या आवाजात अजून विचारले जाते. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले, ब्राह्मण पाळकांचे वंशज आणि इतर, हे भेद कबरीत जायला हवे होते, ते अजून बैठकीच्या खोलीत आहेत. १८३३ मध्ये आश्रमातल्या आंधळ्या-पांगळ्यांनी जे केले ते आपल्या सोयरिकींत आपण पुरते केलेले नाही. स्मरणिकेत कौतुकच लिहावे असा रिवाज आहे, तरीही हे लिहिणे मला भाग आहे. आपल्या मंडळीच्या जन्माशी ज्या गोष्टीचा थेट संबंध आहे, ती झाकून तिचा इतिहास लिहिता येणार नाही.

शेवटी सर्व सभासदांना विनंती. मंडळीच्या दप्तरातल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्या जीर्ण होत चालल्या आहेत; त्यांची छायाचित्रे काढून घेण्यासाठी तरुण संघाने पुढे यावे. ज्यांच्या घरी जुनी 'उपासना संगीते', कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या, 'ज्ञानोदया'चे अंक, बायबल-बायांचे किंवा खेड्यांतल्या मास्तरांचे फोटो असतील, त्यांनी ते पाळकसाहेबांकडे दाखवायला आणावेत. प्रत करून मूळ वस्तू परत दिली जाईल. फोटोतल्या माणसांची नावे ठाऊक असतील तर मागे पेन्सिलने लिहून द्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती याच महिन्यात विचारा.